कॅसिनो-चकत्या

कॅसिनो-चकत्या : द्यूतगृहात (कॅसिनोत) रोख पैशाऐवजी पणास लावण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या मूल्यदर्शक तुकड्यांना चकत्या किंवा चिप म्हणतात. त्या बहुधा वर्तुळाकार असतात. मोठ्या रकमांसाठी आयताकृती तुकडे वापरण्याची रीत यूरोपीय द्यूतगृहांत असून त्यांना ‘प्लाक’ अशी संज्ञा आहे. यंत्रावरील खेळांसाठी पाडलेल्या, नाण्यासारख्या दिसणाऱ्या धातूच्या तुकड्यांस टोकन म्हणतात. खेळाडू द्यूतगृहाच्या खिडकीवर रोकड भरून चकत्या घेतो आणि खेळ आटोपल्यावर उरलेल्या किंवा जिंकलेल्या चकत्या परत करून रोकड घेतो.

चकती हे राज्यसत्तेने काढलेले चलन नव्हे. तिचे स्वरूप दर्शनी हुंडीला अधिक जवळचे आहे. ती काढणाऱ्या संस्थेपुढे धरली म्हणजे तीवर लिहिलेली रक्कम मिळावी, एवढेच वचन तीमागे असते आणि ते वचन त्या संस्थेच्या आयुष्यापुरतेच टिकते. पेढी बुडाली की तिची हुंडी रद्दीत जाते. चकतीचे मात्र तसे होत नाही. द्यूतगृह बंद पडून तीवरील आकडा निरर्थक ठरतो, तेव्हापासून तिला संग्राहकांच्या बाजारात दुसरी किंमत येऊ लागते. ही दुसरी किंमत चकतीवरील आकड्यावर जवळजवळ अवलंबून नसते. ती कोणत्या गृहाची, कोणत्या काळातील, कोणी घडविलेली आणि तिच्यासारख्या आणखी किती शिल्लक आहेत, या चार गोष्टींवर ती ठरते. यामुळेच या विषयात ओळख आधी आणि मूल्यनिश्चिती नंतर, हा क्रम कोणत्याही जाणत्या संग्राहकास मोडता येत नाही.

पूर्वपीठिका : पणाचे साधन आणि पण यांतील भेद भारतात फार प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात ज्या फाशांचे वर्णन येते, ते बेहड्याच्या फळांचे होते. हा वृक्ष यवतमाळसह विदर्भाच्या जंगलांत आजही सर्वत्र आढळतो. कौटिलीय अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. द्यूत एकाच ठिकाणी चालवावे, फासे व कवड्या त्यानेच पुरवाव्यात, त्यांच्या जागी दुसरी साधने वापरणाऱ्यास दंड करावा, साधनांचे भाडे घ्यावे आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच वसूल करावे, अशी ती व्यवस्था आहे. साधनांची शुद्धता आणि राज्याचा वाटा यांचा येथे जो सांधा घातलेला दिसतो, तोच आधुनिक द्यूतगृहांच्या कायद्यांतही आहे. कवडी तर एकाच वेळी खेळाचे साधन व चलन अशी दोन्ही होती. बंगाल व ओडिशा या प्रदेशांत एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत किरकोळ व्यवहार कवड्यांनी होत. मराठीत ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ हे शब्दप्रयोग त्या व्यवहाराची आठवण देतात. पोळ्याच्या सुमारास विदर्भात जे पत्त्यांचे डाव रंगतात, त्यांत चिंचोके किंवा काड्यापेटीतील काड्या मोजणीसाठी मांडल्या जातात. तत्त्वतः त्याही चकत्याच होत. फक्त त्या घरापुरत्या आहेत आणि डाव संपताच त्यांचे मूल्य संपते.

यूरोपात चकतीचा उगम हिशेबात आहे. मध्ययुगात रेघा आखलेल्या पाटावर धातूच्या चकत्या मांडून बेरीज-वजाबाकी करीत. या चकत्यांना फ्रेंच भाषेत ‘झेतों’ म्हणत. हा शब्द ‘टाकणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे शहर त्यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध होते. अंकलेखनाची भारतीय-अरबी पद्धत रुळल्यावर हिशेबाचा पाट मागे पडला आणि या चकत्या पत्त्यांच्या मेजावर आल्या. अठराव्या शतकात इंग्लंडमधील श्रीमंत घराण्यांनी चीनमधील कँटन बंदरातून शिंपल्याच्या चकत्या मागविण्याचा प्रघात पाडला. गोल, लांबट व माशाच्या आकाराच्या या तुकड्यांवर चिनी कारागीर मागणीप्रमाणे त्या घराण्याचे कुलचिन्ह कोरून देत. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारी जहाजांतून ते पाठविले जात. त्यांवर आकडा नसे. डावापूर्वी खेळाडूंनी ठरविलेलेच मूल्य त्यांना असे. कुलचिन्हावरून घराणे व घराण्यावरून काळ ठरविता येत असल्याने या चकत्यांची ओळख पुष्कळशी निश्चित असते.

द्रव्य व घडण : चकती कशाची केली आहे, हा तिच्या ओळखीचा पहिला प्रश्न होय. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत, विशेषतः पश्चिमेकडील खाणवस्त्यांच्या मद्यगृहांत, प्रथम सोन्याचे कण व नाणी पणास लावली जात. नंतर लाकूड, हाड व हस्तिदंत यांच्या चकत्या आल्या. हस्तिदंताच्या चकत्यांवर फुले, नक्षी व अंक हाताने कोरून त्यांत रंग भरीत. जुन्या वस्तूंच्या बाजारात हाडाच्या व सेल्युलॉइडच्या चकत्या हस्तिदंताच्या म्हणून सर्रास विकल्या जातात. भिंगाखाली पाहिल्यास हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषांची जाळी दिसते. हाडात रक्तवाहिन्यांच्या मार्गांचे बारीक काळसर ठिपके किंवा चिरा असतात. सेल्युलॉइडमध्ये रेषा असल्या तरी त्या अतिशय नियमित व समांतर असतात आणि तुकडा घासून किंचित गरम केल्यास कापराचा वास येतो. भारतातील वाचकाने येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात १९८६ व १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनंतर हस्तिदंताचा व्यापार या देशात बंद झाला आहे. तेव्हा अशी चकती कितीही जुनी असली, तरी येथे तिची बाजारभावाने किंमत करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

१८८० नंतर माती व लाख यांच्या मिश्रणाच्या चकत्या प्रचारात आल्या. माती, खडू यांसारखी भरद्रव्ये आणि रंग लाखेत मळून, उष्णता व दाब देऊन साच्यातून त्या काढीत. संग्राहकांच्या बोलण्यातील ‘मातीची चकती’ ती हीच. नुसत्या मातीची चकती मात्र कधीच नसते आणि पुढील काळात तर मिश्रणातील मातीचा अंश फारच घटला. या चकत्यांच्या सजावटीच्या पद्धती काळानुसार बदलत गेल्या. पृष्ठभागावर चित्र कोरून त्यात रंग भरणे ही त्यांतील एक होय. छापील किंवा उठावाचे कागदी चित्र मध्यभागी बसवून त्यावर पारदर्शक थर देणे ही दुसरी. गरम ठशाने सोनेरी वा रुपेरी वर्ख दाबून अक्षरे उमटविणे, म्हणजे तप्तमुद्रण, ही तिसरी. तप्तमुद्रण स्वस्त व जलद असल्याने विसाव्या शतकाच्या मध्यावर तेच सर्वाधिक रूढ झाले. परंतु त्याची अक्षरे वापराने लवकर झिजतात. जुन्या चकतीवरील अक्षरे अर्धवट पुसलेली असणे हे म्हणूनच तिच्या खरेपणाशी विसंगत नाही. उलट, कडा गोलावलेल्या, मळकट चकतीवर झगझगीत कोरी अक्षरे असतील, तर ती संशयास्पद मानावी.

लाख मद्यार्कात विरघळते. स्पिरिटच्या बोळ्याने जुनी चकती पुसणारा मनुष्य तिचा पृष्ठभागच काढून टाकत असतो. पाण्यात फार वेळ ठेवल्यास कागदी चित्र सुटते. नाणी चिंचेने उजळण्याची जी हौस आपल्याकडे आहे, तिने किती शिवराया व रुपये संग्रहाच्या दृष्टीने निकामी केले, हे नाणकशास्त्राच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. चकत्यांच्या बाबतीतही तेच घडते.

उत्पादकांमध्ये अमेरिकेतील मेन राज्याच्या पोर्टलंड येथील बर्ट, लॉस अँजेल्स येथील टी. आर. किंग व नेव्हाडातील पॉल-सन, तसेच फ्रान्समध्ये बोन येथील बूर्गोन्य ए ग्रासे ही नावे महत्त्वाची आहेत. पॉल-सन या संस्थेची स्थापना १९६३ ची. पॉल-सन, बूर्गोन्य ए ग्रासे व बड जोन्स या तिन्ही संस्था २००२ मध्ये एकत्र येऊन गेमिंग पार्टनर्स इंटरनॅशनल ही कंपनी झाली. ही कंपनी २०१९ मध्ये एंजल या जपानी उद्योगसमूहाने घेतली. १९८० नंतरच्या दशकात संपूर्ण पृष्ठभागावर व कडेवरही छपाई करता येईल अशा, ‘सिरॅमिक’ या नावाने विकल्या जाणाऱ्या चकत्या निघाल्या. नाव असे असले, तरी त्या प्लास्टिकच्याच प्रकारातील आहेत. आत धातूची चकती घालून वजन वाढविलेल्या प्लास्टिकच्या चकत्याही आज घरगुती खेळासाठी सर्वत्र मिळतात. त्यांचे वजन हातात भरत असल्याने अनभिज्ञ ग्राहकास त्या अधिक ‘अस्सल’ वाटतात. प्रत्यक्षात अमेरिकी द्यूतगृहांतील मिश्रणाच्या चकत्या साधारणपणे ३९ मिमी. व्यासाच्या आणि वजनाने त्यांहून हलक्या असतात.

ओळख : चकतीच्या परीघावर, मध्यभागाच्या बाहेर, साच्याने उमटलेली एक नक्षी असते. मुकुट, टोपी व काठी, घोड्याचे मुख, चौकोनांची किंवा दोरीची माळ असे तिचे अनेक प्रकार आहेत. ही नक्षी द्यूतगृहाची नसून उत्पादकाची असते. टोपी व काठी हे चिन्ह पॉल-सनचे; मुकुट हा टी. आर. किंगचा. शिवराईचा अभ्यासक ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ या अक्षरांची मोडणी पाहून ठसा ओळखतो, त्याच रीतीने चकतीचा अभ्यासक साच्याकडे पाहतो. साच्याने काळाची वरची मर्यादा ठरते. जो साचा १९६३ पूर्वी अस्तित्वातच नव्हता, त्यातून निघालेली चकती १९५५ मध्ये बंद पडलेल्या गृहाची असू शकत नाही. एवढ्या साध्या तर्काने पुष्कळ बनावट चकत्या बाद होतात.

कडेवर मिश्रणातच बसविलेल्या निराळ्या रंगाच्या तुकड्यांना कडेचे ठिपके म्हणता येईल. रचलेल्या चकत्यांत चुकीच्या रंगाची चकती मिसळली, तर बाजूने पाहताच ती दिसावी, हा त्यांचा मूळ उद्देश. तुकडे पृष्ठभागावर रंगविलेले नसून आरपार गेलेले असतात. बनावट चकतीत ते कधीकधी केवळ रंगविलेले आढळतात. एकच गृह, एकच मूल्य व एकच रंग असूनही ठिपक्यांची संख्या बदललेली असेल, तर ती स्वतंत्र मालिका समजतात. मूल्यानुसार रंग ठरविण्याचा संकेत अमेरिकेत हळूहळू स्थिर झाला. न्यू जर्सी राज्यात अटलांटिक सिटी येथे १९७८ मध्ये पहिले द्यूतगृह सुरू झाले, तेव्हा तेथील नियमांनीच रंग निश्चित केले. पाच डॉलरसाठी लाल, पंचवीससाठी हिरवा, शंभरसाठी काळा व पाचशेसाठी जांभळा हा तो क्रम होय. नेव्हाडात ही सक्ती नसल्याने जुन्या चकत्यांत रंगांचे वैविध्य फार आढळते.

गृहाच्या नावातील बदल हा कालनिश्चितीचा सर्वांत भरवशाचा आधार आहे. लास व्हेगासमधील फ्लेमिंगो हे गृह २६ डिसेंबर १९४६ रोजी उघडले. १९७० नंतरच्या दशकात ते हिल्टन उद्योगाकडे गेल्यावर त्याच्या नावात हिल्टनची भर पडली आणि पुढे ती गळली. चकतीवर कोणते नाव आहे, एवढ्यावरून तिचा कालखंड ठरतो. नेव्हाडात १९३१ मध्ये द्यूत कायदेशीर झाले. त्यापूर्वीच्या आणि अन्य राज्यांतील नंतरच्याही बेकायदा अड्ड्यांच्या चकत्यांवर मात्र नाव नसून केवळ एक-दोन आद्याक्षरे असत. पोलिसांच्या हाती पुरावा लागू नये, हे त्यामागील उघड कारण होते. अशा मुक्या चकत्या ओळखणे अवघड होते. पुढे काही उत्पादकांची विक्रीनोंदीची कार्डे संग्राहकांच्या हाती आली. त्यांवर ठशाचा नमुना, मागणी करणाऱ्याचे नाव, पत्ता, संख्या व दिनांक लिहिलेले होते. त्यामुळे वर्षानुवर्षे कवडीमोल समजल्या गेलेल्या चकत्यांना एकाएकी गाव, माणूस व काळ मिळाला. या विषयात इतिहास म्हणावा असा भाग कोणता असेल, तर तो हा. दुकानदाराने हिशेबासाठी ठेवलेला कागद अर्ध्या शतकानंतर साधन ठरला आणि ज्या उत्पादकांनी असे कागद फेकून दिले, त्यांच्या चकत्या अजूनही मुक्याच राहिल्या आहेत.

अमेरिकेत कॅसिनोच्या चकत्या व टोकने यांच्या संग्राहकांचा संघ १९८८ मध्ये स्थापन झाला. सूचिपुस्तके, नियतकालिक व मेळावे यांमुळे हौसेला शिस्त आली. त्याचबरोबर बनावटीलाही ऊत आला, हेही नमूद केले पाहिजे. बनावटीचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिल्यात, जुन्या व खऱ्या साच्याच्या कोऱ्या चकत्या मिळवून त्यांवर बंद पडलेल्या गृहाचे नाव नव्याने दाबतात. साचा खरा असल्याने येथे साच्याची कसोटी लंगडी पडते. अक्षरांची ठेवण व वर्खाची झीज यांची तुलना खऱ्या नमुन्याशी करावी लागते. दुसऱ्या प्रकारात, कधीच अस्तित्वात नसलेल्या गृहाची सुंदर चकती घडवितात. तिला ‘कल्पित चकती’ म्हणतात. घडविणारा बहुधा ती कल्पित म्हणूनच विकतो. दोनतीन हात बदलल्यावर मात्र ती ऐतिहासिक होऊन बसते.

मूल्यनिश्चिती : चालू द्यूतगृहाच्या चकतीची किमान किंमत तीवरील आकड्याइतकी असते, कारण ती केव्हाही मोडून घेता येते. गृह बंद पडल्यावर हा आधार जातो आणि दुर्मिळता हाच प्रमुख निकष उरतो. दुर्मिळता म्हणजे किती चकत्या घडविल्या हे नव्हे, तर किती उरल्या हे. नेव्हाडातील नियमांनुसार गृह बंद होताना चकत्या बदलून देण्याची मुदत जाहीर करावी लागते आणि जमा झालेल्या चकत्या नष्ट कराव्या लागतात. त्या यंत्राने चिरडतात. पूर्वी पोत्यांनी नव्या इमारतीच्या पायातील काँक्रीटमध्ये गाडल्याचीही उदाहरणे आहेत. अशा चकत्या पुढे खोदकामात निघाल्या, तर कालपर्यंत दुर्मिळ असलेल्या नमुन्याचा भाव एका दिवसात कोसळतो. नेमकी हीच भीती जुन्या संग्राहकाला सतत असते.

कमी मूल्याच्या चकत्या प्रवासी आठवण म्हणून घरी नेतात. शंभर वा पाचशे डॉलरची चकती कोणी सहसा खिशात विसरत नाही. यामुळे एकाच गृहाच्या चकत्यांत मोठ्या आकड्याची चकती बहुधा अधिक दुर्मिळ असते. एक डॉलरच्या चकतीचा अपवाद लक्षणीय आहे. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत नेव्हाडातील मेजांवर चांदीचे डॉलरच चालत. चांदीच्या नाण्यांची टंचाई झाल्यावर १९६५ च्या सुमारास टोकने व एक डॉलरच्या चकत्या सर्रास निघाल्या. म्हणून त्याआधीची एक डॉलरची चकती तिच्या पाच डॉलरच्या बहिणीपेक्षा कमी आढळते. रूलेटच्या चकत्यांवर आकडा नसतो. त्यांचे मूल्य त्या मेजापुरते व त्या डावापुरते ठरते. त्या मेजाबाहेर न्यायच्या नसतात, तरीही बाहेर आलेल्या पुष्कळ आहेत आणि त्यांना मागणी मात्र कमी.

गृहाचा इतिहास हा निकष आकड्यांत बसत नाही. पण तो बाजार हलवितो. लास व्हेगासमधील मूलाँ रूझ हे गृह मे १९५५ मध्ये उघडले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये बंद पडले. कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय ग्राहकांना सारखाच प्रवेश देणारे ते त्या शहरातील पहिले मोठे द्यूतगृह होते. जेथे कृष्णवर्णीय कलावंत व्यासपीठावर गात असत, पण त्याच वास्तूतील खोलीत राहू शकत नसत, अशा त्या काळच्या शहरात या सहा महिन्यांचे महत्त्व वेगळेच होते. त्याच्या चकत्यांना जी मागणी आहे, ती केवळ संख्या कमी असल्याने नव्हे. याउलट १९९० नंतर अनेक गृहांनी मुष्टियुद्धाचे सामने, वर्धापनदिन, नववर्ष अशा निमित्तांनी मर्यादित संख्येच्या स्मारक-चकत्या काढल्या. त्या विकत घेऊन जपून ठेवण्यासाठीच काढल्या असल्याने जवळजवळ सर्वच्या सर्व उरल्या आणि बहुतेकांचा भाव दर्शनी मूल्याच्या पुढे फारसा सरकला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते संग्राह्य म्हणून जन्मास घातलेली वस्तू क्वचितच संग्राह्य ठरते.

अवस्थेचा विचार यानंतर येतो. कोरी, किंचित वापरलेली, मध्यम व झिजलेली अशा पायऱ्या मानतात. कडेची धार हे मुख्य लक्षण. रद्द केल्याची खूण म्हणून भोक पाडलेली किंवा कड कापलेली चकती कमी मोलाची असते, परंतु ज्या नमुन्याची एकही अखंड चकती ज्ञात नाही, तेथे तीही मौल्यवान ठरते. सूचिपुस्तकातील किंमत ही पुष्कळदा विक्रेत्याची अपेक्षा असते. लिलावात प्रत्यक्ष मिळालेली रक्कम हीच खरी साक्ष. तीही एकाच व्यवहाराची असेल, तर तिच्यावर भिस्त ठेवू नये, कारण दोन हट्टी संग्राहकांच्या चुरशीने चढलेला भाव तिसरा मनुष्य देईलच असे नाही.

चकतीमागील वचन चालू गृहालाही मागे घेता येते. डिसेंबर २०१० मध्ये लास व्हेगासच्या बेलाजिओ या गृहातून सुमारे १५ लाख डॉलर दर्शनी मूल्याच्या चकत्या लुटण्यात आल्या. त्यानंतर व्यवस्थापनाने आपली २५,००० डॉलरची चालू मालिका रद्द करून ती बदलून घेण्यास २२ एप्रिल २०११ ही अखेरची तारीख दिली. लुटारूच्या हातातील संपत्ती अशा रीतीने एका सूचनेने निर्जीव झाली. २००५ मध्ये उघडलेल्या विन या गृहाने तर प्रारंभापासूनच रेडिओलहरींनी ओळख पटणाऱ्या चकत्या वापरल्या. या प्रकारात प्रत्येक चकतीला स्वतंत्र क्रमांक असतो व ती दूरूनच निष्क्रिय करता येते.

भारत व नेपाळ : दक्षिण आशियातील पहिले द्यूतगृह म्हणजे १९६८ मध्ये काठमांडू येथे सुरू झालेले कॅसिनो नेपाळ. नेपाळी नागरिकांना तेथे मज्जाव होता. ग्राहक मुख्यतः भारतीय असल्याने चकत्यांवरील मूल्य भारतीय रुपयांत असे. रुपयातील आकडा पाहून अशी चकती भारतीय म्हणून विकली जाण्याचा धोका त्यामुळे राहतो; तीवरील गृहनाम वाचणे हाच त्यावर उपाय.

भारतात गोव्याचा क्रम पहिला लागतो. गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार अधिनियम १९७६ चा असून, १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांवरील खेळांस व १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील मेजाच्या खेळांस मुभा मिळाली. मांडवी नदीतील ‘कॅरावेला’ ही देशातील पहिली तरंगती द्यूतनौका होय. पुढे तिचे स्वामित्व बदलले. इतर नौका आल्या, काहींची नावे दोनदा-तीनदा बदलली. प्रत्येक नामांतराबरोबर जुन्या चकत्या बाद होऊन नव्या येतात, म्हणजे फ्लेमिंगोच्या चकत्यांबाबत जे घडले तेच येथे घडत आहे. फरक एवढाच, की तेथे नोंद झाली आणि येथे होत नाही. कोणत्या नौकेने कोणत्या वर्षी कोणत्या मूल्याच्या व रंगांच्या चकत्या काढल्या आणि केव्हा रद्द केल्या, हे आज थोड्या चौकशीने निश्चित करता येईल. आणखी तीस वर्षांनी ते अमेरिकेतील मुक्या चकत्यांइतकेच अवघड होईल.

गोव्याच्या चकत्यांचे दोन प्रकार संग्राहकाने वेगळे ठेवले पाहिजेत. एक, रोकड देऊन घ्यावयाची व मोडता येणारी. दुसरी, प्रवेशशुल्कासोबत मिळणारी, एकदाच खेळता येणारी व मोडून न मिळणारी. दुसऱ्या प्रकारावरही आकडा असतो, पण तो केवळ पणापुरता. दोहोंची किंमत एकच समजून फसगत होऊ शकते. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्यातील रहिवाशांना द्यूतगृहांत प्रवेश बंद करण्यात आला. त्याचा संग्रहाच्या दृष्टीने एक अनपेक्षित परिणाम असा, की त्यानंतरच्या काळातील ज्या थोड्या चकत्या आठवण म्हणून बाहेर पडल्या असतील, त्या गोव्यात न राहता महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक येथील प्रवाशांच्या घरी असणार. गोव्याहून परतलेल्या यवतमाळच्या किंवा वणीच्या प्रवाशाच्या खणात पडलेली चकती, तिच्यासोबत प्रवेशाची पावती व तारीख जपलेली असेल, तर अभ्यासकाच्या दृष्टीने उत्तम साधन आहे. पावती नसेल, तर तिचे मोल निम्मे झाले असे म्हणण्यास हरकत नाही. करआकारणीतही चकतीला आता स्वतंत्र स्थान मिळाले आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून वस्तू व सेवा कर खरेदी केलेल्या चकत्यांच्या संपूर्ण दर्शनी मूल्यावर २८ टक्के दराने आकारण्यात येऊ लागला व २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के झाला. या व्यवहारांच्या पावत्या उद्याच्या अभ्यासकाला उत्पादकांच्या कार्डांप्रमाणे उपयोगी पडू शकतील. सिक्कीममध्ये २००२ च्या कायद्याने द्यूतगृहांना अनुमती मिळाली असून तेथील चकत्यांचीही स्थिती गोव्याप्रमाणेच आहे.

महाराष्ट्रात कायदेशीर द्यूतगृह कधीच अस्तित्वात आले नाही. महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम १९७६ मध्ये संमत झाला, परंतु तो अंमलात आणला गेला नाही व २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला. मुंबईचा जुगार प्रतिबंधक अधिनियम १८८७ चा असून त्यानुसार झडती घेतलेल्या जागेत जुगाराची साधने सापडल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत ती जागा जुगाराची मानली जाते. केवळ संग्रह करणे हा गुन्हा नव्हे. तरीही संग्राहकाने खरेदीच्या पावत्या व वर्णनसूची ठेवणे हितावह असते. धातूचे तुकडे पैसा म्हणून खाजगीरीत्या काढण्यास १८८९ च्या धातू-टोकन अधिनियमाने बंदी होती व २०११ च्या नाणी अधिनियमाने तीच भूमिका पुढे चालविली आहे. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये दिला. राज्यातील क्लब व जिमखाने यांच्या मेजांवरील प्लास्टिकच्या चकत्या या रमीच्या हिशेबाच्या असून त्यांवर प्रायः संस्थेची आद्याक्षरे किंवा नुसता आकडा असतो. तेव्हा मुंबईच्या अथवा नागपूरच्या जुन्या ‘कॅसिनो’ची म्हणून जी चकती विक्रीस येते, ती एकतर अशा एखाद्या क्लबची असते किंवा कल्पित असते.